कुत्रा न घेता परतलेल्या कुटुंबाचा अभिप्राय : नाशिकच्या एका निवारा केंद्राची दत्तक-सेवा

नाशिक शहराच्या कडेला, जिथे इमारती विरळ होऊन द्राक्षमळे सुरू होतात तिथे, भटक्या आणि मालकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांचे एक निवारा केंद्र आहे. यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तिथे कुत्रा दत्तक घेण्यासाठी गेलो होतो आणि आज मे महिना संपला तरी आमच्या घरात कुत्रा नाही. तरीही या सेवेबद्दल सविस्तर लिहावे असे मला वाटते, कारण कुत्रा सांभाळण्याची आपली खरोखर तयारी आहे की नाही, हे तपासून पाहण्याचे काम या केंद्राने आमच्याकडून ज्या चिकाटीने करून घेतले, ती चिकाटी पैसे घेऊन पिल्लू हाती देणाऱ्याला परवडणारी नाही. माझ्या काही तक्रारीही आहेत आणि त्या मी पुढे मांडणार असल्यामुळे केंद्राचे नाव येथे देत नाही.

आमचे घर कसे आहे ते आधी सांगायला हवे, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच ठरला. आम्ही इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि दिवाणखाना असलेल्या सदनिकेत राहतो. मी पतसंस्थेत नोकरी करते, माझे पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात, मुलगी तेरा वर्षांची आहे आणि ७४ वर्षांच्या सासूबाई वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात. हट्ट मुलीचा होता आणि तिला हवा होता सायबेरियन हस्की. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळीसच्या आसपास जातो तेव्हा बर्फाळ प्रदेशासाठी दुहेरी केसांचा कोट घेऊन जन्मलेल्या त्या प्राण्याचे काय होत असेल, हा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता, हे कबूल करते.

केंद्रात गेल्यावर कुत्री दाखवण्याआधी आम्हाला जवळजवळ पाऊण तास कार्यालयात बसवून ठेवण्यात आले, तेव्हा मला राग आला होता. समोर बसलेल्या समुपदेशक तरुणीने दिवसाचे वेळापत्रक विचारायला सुरुवात केली. घर किती वाजता रिकामे होते, किती वाजता भरते, रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपणाऱ्या माणसाला दाराची घंटा वाजताच भुंकणारा कुत्रा चालेल का, सुट्टीत गावाला जाता तेव्हा काय करता, घरात कोणाला दमा किंवा केसांची ॲलर्जी आहे का. नंतर तिने मुलीकडे पाहून मला विचारले, “ताई, पिल्लू आत्ता घेतलं तर ते बारा-पंधरा वर्षं जगेल. तेव्हा ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. ही पुण्याला शिकायला गेली की कुत्रा कोणाचा?” माझे पती म्हणाले, “घराचा.” तिने अर्जावर ते लिहून घेतले आणि हसून पुढे जोडले, “घराचा म्हणजे बहुतेक वेळा आईचा.” तिचे ते वाक्य मला आवडले नाही, पण नंतरच्या आकड्यांनी ते खरे ठरवले.

पिल्लू आम्हाला मिळणार नाही, हे तिने त्याच बैठकीत स्पष्ट सांगितले. तीन महिन्यांचे पिल्लू दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही, त्यामुळे आठ तास बाहेर असणाऱ्या घरात ते जमिनीवर घाण करणारच. त्यापेक्षा मोठा धोका असा, की पायात घोटाळणारे पिल्लू आणि वॉकर धरून चालणारी वृद्ध व्यक्ती एका खोलीत असतील तर खुब्याचे हाड मोडायला एक क्षण पुरतो. शाळकरी मुलीच्या प्रेमापोटी सासूबाईंना शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याची शक्यता आमच्या मनाला शिवलीही नव्हती. तिने शांतपणे वाढलेल्या, पाच-सहा वर्षांच्या, नसबंदी झालेल्या देशी कुत्र्याचा पर्याय सुचवला आणि तोही लगेच दत्तक न देता पंधरा दिवस सांभाळायला देऊ, असे सांगितले. आपल्याकडे ज्याला गावठी म्हणून हिणवले जाते तो कुत्रा इथल्या उन्हाला सरावलेला असतो, त्याचे केस आखूड असतात आणि नाक चपट्या जातींसारखे दबलेले नसल्यामुळे धापा टाकून अंग गार ठेवणे त्याला सोपे जाते. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही, हे लक्षात घेतले की नाशिकच्या उन्हाळ्यात जातीची निवड ही हौसेची बाब राहत नाही.

त्या दिवशी पिंजऱ्यांच्या रांगेत एक लॅब्रॅडोर, दोन जर्मन शेफर्ड आणि एक पग होता. चौघेही कोणीतरी हौसेने आणून नंतर सोडून दिलेले होते. पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. शिवाय २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. हे दोन्ही नियम कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत लावलेले आहेत, ही चांगली गोष्ट. अर्जाचा नमुना मात्र इंग्रजीत आहे आणि मराठी प्रत मागितल्यावर जी छायाप्रत मिळाली ती इतकी पुसट होती की जबाबदारीच्या कलमांवर सही करताना मी अर्धी कलमे अंदाजाने वाचली. नाशिकमध्ये चालणाऱ्या संस्थेकडून ही अपेक्षा नाही. जी कागदपत्रे माणसाला विचार करायला लावण्यासाठी आहेत ती त्याच्या भाषेत नसतील तर त्यांचा निम्मा हेतू तिथेच संपतो.

खर्चाच्या बाबतीत केंद्राची पद्धत मला विशेष आवडली. त्यांनी आम्हाला कोणताही तयार तक्ता न देता कोरा कागद दिला आणि घरी बसून स्वतः चौकशी करून आकडे भरून आणायला सांगितले. आमच्या कागदावर अठरा किलोच्या कुत्र्याच्या खाण्याचे महिन्याला सुमारे २,८०० रुपये, जंताचे औषध, गोचिडांचे औषध आणि लशींचा वार्षिक खर्च महिन्यांत वाटून सुमारे ६०० रुपये, आणि दुपारी फिरवून आणणाऱ्या मुलाचे २,००० रुपये आले. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या वयात देतात आणि नंतर दर वर्षी द्यावी लागते. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे रोगांवरची एकत्रित लस वेगळी. गोचिडांचा खर्च पतींना वायफळ वाटला होता, पण गोचिडांमुळे होणारा ताप कुत्र्याच्या रक्तातल्या पेशींवर घाला घालतो आणि त्याचा उपचार कित्येक आठवडे चालतो, हे कळल्यावर त्यांनी तो आकडा स्वतःच वाढवला.

प्रवासाचा रकाना भरताना आम्ही खरे अडलो. माझे माहेर परभणीचे आहे आणि दर दिवाळीला आम्ही नाशिकरोडहून रेल्वेने जातो. रेल्वेच्या नियमांनुसार स्लीपर, वातानुकूलित थ्री-टियर, टू-टियर किंवा चेअर कार यांपैकी कशातही कुत्रा सोबत नेता येत नाही. एक तर पहिल्या वर्गाचा संपूर्ण कूपे आरक्षित करावा लागतो किंवा त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत पाठवावे लागते. म्हणजे दिवाळीत त्याला कोणाकडे तरी ठेवणे आले, आणि फटाक्यांच्या त्या आठवड्यात कुत्री सांभाळणाऱ्या चांगल्या बोर्डिंगमध्ये आयत्या वेळी जागा नसते. या एका रकान्यापायी आमच्या घरात दोन संध्याकाळी वाद झाला. तो वाद कुत्रा आल्यानंतर झाला असता तर त्याचे पर्यवसान कशात झाले असते, याची कल्पना केंद्राच्या पिंजऱ्यांकडे पाहून येते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन स्वयंसेवक घर पाहायला आले आणि दीड तास थांबले. या सेवेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हाच. त्यांनी फीत लावून बाल्कनीच्या गजांमधले अंतर मोजले आणि जाळी बसवायला सांगितली. फ्रिजमागचे उंदरांचे औषध आणि न्हाणीघरातली फिनाईलची उघडी बाटली दाखवली. नंतर त्यांची नजर सासूबाईंच्या खाटेखाली कागदावर पसरलेल्या कांद्यांवर आणि निफाडच्या पाहुण्यांनी पाठवलेल्या द्राक्षांच्या पेटीवर गेली. द्राक्षे, मनुके आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना निकामी करू शकतात आणि किती द्राक्षांनी बाधा होईल हे आधी सांगता येत नाही. त्यातल्या टार्टारिक आम्लावर अलीकडे संशोधकांचा संशय आहे. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की फोडणीतला, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याला रक्तक्षय (ॲनिमिया) होतो, लसणाचेही तसेच. ज्या जिल्ह्याची ओळख लासलगावचा कांदा आणि इथली द्राक्षे यांनी होते, तिथल्या घरात कुत्रा ठेवायचा तर अर्धे स्वयंपाकघर त्याच्यापासून लपवावे लागते, हा विनोद मला त्या दिवशी कळला. आमटीत कुस्करलेली भाकरी घालण्याची आपली पिढीजात पद्धतसुद्धा यात मोडते, कारण कांदा-लसणाशिवाय आमटी आमच्याकडे होतच नाही.

सोसायटीचा प्रश्नही त्यांनी हातात घेतला. आमचे सचिव तोंडी म्हणाले होते, की इथे कुत्री चालत नाहीत. स्वयंसेवकांनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत दिली. तीनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यासही मनाई करता येत नाही. पण त्याच वेळी त्यांनी सांगितले, की कागद दाखवून जिन्यातली घाण साफ होत नाही. शेजारच्या चारही घरांत आधी जाऊन या, कोणाला कुत्र्याची भीती आहे ते विचारा. महानगरपालिकेकडे नोंदणी करणे, बाहेर पट्टा न सोडणे आणि विष्ठा उचलण्यासाठी पिशवी नेणे ही आपली बाजू असून, निष्काळजीपणाने प्राण्याकडून कोणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालक जबाबदार धरला जातो, हेही त्यांनी स्पष्ट केले. शेजारी गेल्यावर कळले, की समोरच्या घरातल्या लहान मुलाला पूर्वी कुत्रा चावला होता. आम्ही त्या कुटुंबाला दहा वर्षांपासून ओळखत होतो आणि हे आम्हाला माहीत नव्हते.

१४ फेब्रुवारीला ‘भुऱ्या’ आमच्याकडे आला. वय सहा वर्षे, कानाला नसबंदीची खाच, डोळे सतत दाराकडे. सोबत एक वही दिली होती, जिच्यात सकाळ-संध्याकाळचे फिरणे, खाणे, शौच आणि कोणी काय केले याची नोंद ठेवायची होती. नव्या घरात कुत्र्याला सावरायला तीन दिवस, दिनचर्या कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात, असा एक ठोकताळा केंद्रात सांगितला होता. त्याप्रमाणे पहिले तीन दिवस त्याने जेमतेम खाल्ले आणि चपलांच्या कपाटामागे बसून काढले. मुलीची निराशा झाली. तिच्या मनातला कुत्रा पहिल्याच संध्याकाळी शेपटी हलवत चेंडू आणणारा होता.

सासूबाईंचा मुळातच विरोध होता. त्यांच्या माहेरी कुत्रा ओसरीच्या पायरीवर बसायचा, उंबरठ्याच्या आत यायचा नाही. १९ तारखेला शिवजयंतीची मिरवणूक आमच्या रस्त्यावरून गेली. नाशिक ढोलाचा अभिमान मलाही आहे, पण माणसापेक्षा बऱ्याच अधिक कंपनसंख्येचे आवाज ऐकणाऱ्या कानांवर तो काय परिणाम करतो हे मी त्या दिवशी पाहिले. भुऱ्या थरथरत सासूबाईंच्या खाटेखाली शिरला आणि रात्री साडेअकरापर्यंत बाहेर आला नाही. सासूबाई पूर्ण वेळ खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. नंतर त्यांनी त्याच्याशी बोलायला सुरुवात केली, त्याला हात मात्र कधी लावला नाही. नवव्या दिवशी त्याचा पट्टा वॉकरच्या पायात अडकला. त्या पडल्या नाहीत, कारण पतींनी धरले. त्या वेळी पती घरी होते हा योगायोग होता.

बाराव्या रात्री दोन वाजता त्याला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. रविवारी आणलेल्या मिसळीच्या तर्रीत बुडवलेला पाव मुलीने त्याला लाडाने दिला होता, आणि घर पाहायला आलेल्यांनी कांद्याबद्दल सांगितले तेव्हा ती क्लासला गेलेली होती. तिला पुन्हा सांगायचे आम्ही विसरलो. केंद्राने दिलेल्या आपत्कालीन क्रमांकावर मी तीन वेळा फोन केला आणि एकदाही उत्तर मिळाले नाही. ही माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. अननुभवी घरात कुत्रा ठेवायला देणाऱ्या संस्थेने रात्रीचा फोन उचलण्याची व्यवस्था केलीच पाहिजे, आणि ती करता येत नसेल तर तो क्रमांक छापू नये. सकाळी डॉक्टरांनी सलाईन लावले आणि कांद्याचा परिणाम काही दिवसांनीही दिसू शकतो म्हणून रक्त तपासून पाहिले. सुदैवाने अहवाल ठीक आला. त्यांनी लसीचे कार्ड मागितले तेव्हा रेबीजच्या लसीवरची तारीख खाडाखोडीमुळे वाचता येईना. केंद्राने दुसऱ्या दिवशी दुरुस्त कार्ड पाठवले, दिलगिरीही व्यक्त केली, पण अशी नोंद मुळात चुकायला नको होती.

२८ तारखेला आम्ही भुऱ्याला घेऊन केंद्रात गेलो. समुपदेशक तरुणीने वही उघडली आणि काही न बोलता बेरीज केली: तीस फेऱ्यांपैकी एकवीस माझ्या, सहा पतींच्या आणि तीन मुलीच्या. तिने आम्हा तिघांशी वेगवेगळे बोलून घेतले आणि सासूबाईंशी फोनवर. शेवटी निर्णय आम्हीच सांगितला, की आत्ता नाही. मला भीती होती ती टोमणे ऐकण्याची. कुत्रा परत आणणाऱ्याकडे प्राणिप्रेमी लोक कसे पाहतात याचे किस्से मी ऐकले होते. इथे तसे काहीच झाले नाही. तिने अर्जावर “तयारी अपूर्ण, अर्ज चालू” असे लिहिले आणि मुलीला भुऱ्यासोबत मागच्या अंगणात अर्धा तास बसू दिले. मार्चच्या अखेरीस त्याला मळ्यात राहणाऱ्या एका कुटुंबाने नेले आणि तिथला फोटो आम्हाला आठवणीने पाठवण्यात आला.

आणखी दोन गोष्टी न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दत्तक घेण्याला शुल्क नाही, देणगी ऐच्छिक आहे, असे केंद्र सांगते. पण ती ऐच्छिक देणगी आमच्याकडे तीन वेळा मागण्यात आली आणि तिसऱ्या वेळी सूर जरा वेगळा होता. दुसरे म्हणजे भाड्याच्या घरात एकट्या राहणाऱ्या नोकरदारांना हे केंद्र सरसकट नकार देते. त्यामागचा अनुभव मी समजू शकते, तरी आमच्यासारख्या भरल्या घराची तयारी जर इतकी कच्ची निघू शकते, तर एकट्या माणसाचीही निदान तपासणी तरी व्हायला हवी, असे मला वाटते.

ज्यांना पुढच्या रविवारी पिल्लू घरी हवे आहे त्यांनी इथे जाऊ नये; त्यांचा वेळ वाया जाईल आणि केंद्राचाही. ज्यांच्या घरात एकजण उत्साहात आहे, एकजण गप्प आहे आणि एकजण नाइलाजाने मान हलवतो आहे, त्यांनी मात्र अवश्य जावे.

आमचा अर्ज अजून चालू आहे. पतींनी जूनपासून दिवसपाळी मागून घेतली आहे, बाल्कनीला जाळी लागली आहे आणि कांद्याची टोपली माळ्यावर गेली आहे. केंद्राने उन्हाळ्यासाठी एक अभ्यास दिला होता: कुत्रा नसताना कुत्र्याचे वेळापत्रक पाळायचे. रोज पहाटे पावणेसहाला, म्हणजे डांबर तापण्याच्या आत, कोणीतरी एकाने अर्धा तास खाली जाऊन चालायचे आणि वहीत खूण करायची. सुट्टी, लग्न, पाहुणे, कंटाळा यांपैकी कोणतेही कारण चालणार नाही. मे महिन्याच्या वहीत ३१ पैकी २३ खुणा आहेत. त्यांतल्या ११ माझ्या, ७ मुलीच्या आणि ५ पतींच्या. केंद्राने २७ मागितल्या होत्या, त्यामुळे जूनची वही आखून ठेवली आहे.